यंत्र गावाचं, बिबडे जिचे तिचे

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचा महिना-दीड महिना खान्देशातल्या गावात रिकामी खाट सापडत नाही. सगळ्या खाटा उन्हात, खाटांवर ओली लुगडी, लुगड्यांवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड. ज्यांनी बिबडा फक्त तळलेला पाहिला आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ज्वारी घ्यायची, जमली तर दादरच, म्हणजे रब्बीची ज्वारी. तिला पाणी लावून कांडायचं, साल काढायचं, मग तीन दिवस भिजत घालायची आणि रोज पाणी बदलायचं. निथळली की ओलसर असतानाच दळायची. ते पीठ लसूण, मिरची, जिरं, तीळ, मीठ घालून मोठ्या पातेल्यात शिजवायचं, त्याचा घाटा होतो. घाटा चटका बसेल इतका गरम असतानाच ओल्या हाताने कापडावर थापायचा. एक बाई ढवळते, दोघी थापतात, आणि घरातली पोरं वाटीत घाटा घेऊन त्यावर तेलाची धार सोडून खात बसतात. वाळलं की कापड उलटं करून पाठीवर पाणी शिंपडायचं, बिबडा अलगद सुटतो.

यातल्या सगळ्या पायऱ्या बाईच्या हातातल्या आहेत. एकच नाही, ती म्हणजे ओलं दळण. पुढचं सगळं प्रकरण त्या एका पायरीवरून झालं.

गाव तापीकाठचं, चोपडा-अमळनेर पट्ट्यातलं, काळ्या मातीचं. नाव देत नाही. खरं तर हे एकाच गावाचं नाही. बचतगटांचे हिशेब लिहीत मी ज्या गावांत फिरलो, त्यांतल्या तीन-चार गावांत जे घडलं ते एका गावात आणून बसवलं आहे, कोणाच्या नावाला काही चिकटायला नको म्हणून. रकमाही तोंडी हिशेब करता येईल अशा सोप्या करून घेतल्या आहेत. गुंता मात्र होता तसाच ठेवला आहे.

गावात बिबडे सगळ्याच घरी होतात, पण विकायला करणाऱ्या अकरा जणी. त्यांतल्या काही उडदाचे पापड आणि नागलीचे पापडही करतात, दोघी काळा मसाला करतात. गिऱ्हाईक गावात नाही, कारण गावात प्रत्येक घरी आपापले बिबडे असतात. गिऱ्हाईक सुरतेला. उधना, लिंबायतकडे खान्देशातली इतकी माणसं आहेत की तिकडच्या गल्लीतून जाताना निम्मं बोलणं अहिराणीत ऐकू येतं. भुसावळ-सुरत लाइनवर अमळनेरला गाडीत बसवलेली पिशवी संध्याकाळी तिकडे कोणीतरी उतरवून घेतं. थोडा माल पुण्याला जातो, थोडा जळगावच्या एका दुकानदाराकडे. कोणाचा धंदा मोसमात दहा किलो ज्वारीचा, कोणाचा दोन क्विंटलचा. यालाच आपण कागदावर ‘सूक्ष्म उद्योग’ म्हणतो. त्या बायांना विचाराल तर त्या म्हणतील, ‘आखाजीना पैसा’.

दळणाची अडचण अशी. गावातली चक्की दगडाची. ओलसर ज्वारी टाकली की दगडाला पीठ चिकटतं, दगड बुळबुळीत होतो, आणि त्यानंतर येणाऱ्या गव्हाच्या दळणाला आंबट वास लागतो. दगडाला पुन्हा टाकीचे घाव घालावे लागतात, त्यात अर्धा दिवस जातो. त्यामुळे चक्कीवाले आप्पा ओलं दळण घेत नसत, घेतलंच तर अमावस्येला, चक्की तशीही बंद असते म्हणून. आणि ज्वारी काही अमावस्येची वाट बघत थांबत नाही. तीन दिवस भिजली की चौथ्या दिवशी ती दळलीच पाहिजे, नाहीतर आंबट होते आणि बिबडा काळपट पडतो. म्हणून बाया रिक्षा करून तालुक्याला जायच्या. तिथे रांग. एका वर्षी एकीची वीस किलो ज्वारी तालुक्याच्या गिरणीबाहेर दिवसभर उन्हात ठेवल्यामुळे वाया गेली. मला या कामात ओढलं ते त्या वीस किलोंनी. त्या बाईच्या गटाची वही माझ्याकडे होती, आणि त्या महिन्यात तिचा हप्ता आला नाही.

एकेकीने यंत्र घ्यावं हा सल्ला सगळ्यात आधी दिला जातो. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० मध्ये केंद्राने योजना आणली, तीत यंत्राच्या खर्चावर ३५ टक्के अनुदान होतं, गटातल्या बाईला बीजभांडवल म्हणून ४० हजार रुपयांपर्यंत रक्कम मिळू शकत होती. योजना चांगली. पण वर्षातले अडीच-तीन महिने चालणारं यंत्र बाईने एकटीने घ्यायचं आणि हप्ता मात्र बारा महिने भरायचा, हे गणित मला कधी जुळवता आलं नाही. अकरा जणींनी अकरा यंत्रं घेणं म्हणजे अकरा कर्जं, आणि नऊ महिने गोणपाटाखाली झाकलेली अकरा लोखंडं. यंत्र एकच हवं होतं आणि ते कोणा एकीचं नको होतं.

मग कोणाचं? इथे आम्ही दोन महिने घालवले, आणि मला वाटतं ते वाया गेले नाहीत.

पहिलं नाव निघालं विकासोचं. गावात विविध कार्यकारी सोसायटी जुनी आहे, तिचं गोदाम आहे, सचिव आहे, आणि २०२३ पासूनच्या नमुना उपविधींमुळे अशा सोसायट्यांना पीककर्जापलीकडचे बरेच धंदे करायची मुभा मिळाली आहे. पण विकासोचा सभासद कोण? ज्याच्या नावावर सातबारा तो. अकरा जणींपैकी सातबाऱ्यावर नाव असलेल्या दोघी. उरलेल्यांचे नवरे सभासद, किंवा घरात जमीनच नाही. म्हणजे यंत्र वापरणाऱ्या नऊ जणींना ते कसं चालवायचं यावर मतच नाही. विकासोच्या चेअरमन नानांनी तोडगा काढला, ‘बाया वापरोत ना, कोण नाही म्हणतंय?’ नाना मनाने चांगले. पण ‘कोण नाही म्हणतंय’ या पायावर धंदा उभा राहत नाही.

दुसरा पर्याय शेतकरी उत्पादक कंपनी. दहा उत्पादक जमले की कंपनी नोंदवता येते, पण दरवर्षी सनदी लेखापाल, विवरणपत्रं, वेळ चुकली की दंड. बिबड्याच्या तीन महिन्यांच्या कमाईवर हे ओझं टाकणं म्हणजे कोंबडीला नांगर जुंपणं.

उरली ग्रामपंचायत. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने आलेल्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. अन्नप्रक्रियेसह लघुउद्योग, खादी-ग्रामोद्योग-कुटीरोद्योग, बाजार आणि जत्रा, हे सगळे त्यात आहेत. म्हणजे पंचायतीने यात पडणं हे काही आडवाटेने जाणं नव्हतं. सरपंचबाईंना हे मी वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘भाऊ, एकोणतीस विषय आहेत आणि आम्ही गटारीच करतोय.’

इंडोनेशियात या गोष्टीला स्वतंत्र साचा आहे. तिथल्या २०१४ च्या ग्राम कायद्याने गावाला स्वतःचा उद्योग काढायला वाट करून दिली, त्याला ते ‘बादान उसाहा मिलिक देसा’ म्हणतात, आणि २०२१ मध्ये अशा संस्थांना कायदेशीर व्यक्तीचा दर्जाही मिळाला. जावा बेटावरचं पोंग्गोक हे गाव त्यात फार गाजलं. झऱ्याचं तळं होतं, गावाच्या उद्योगाने त्याचं पर्यटनस्थळ केलं आणि आसपासच्या खानावळी-टपऱ्यांना गिऱ्हाईक मिळालं. आपल्याकडे असा एकच एक साचा नाही. पंचायत मालक होऊ शकते, पण ती धंदा चालवायला बसली की ग्रामपंचायत अधिकाऱ्यावर आणखी एक वही येते, आणि त्याच्याकडे आधीच वह्यांचा ढीग. म्हणून आम्ही मालकी आणि चालवणं वेगळं केलं. जागा, मीटर, यंत्र पंचायतीचं. चालवायला ग्रामसंघ, म्हणजे ‘उमेद’ या सरकारी अभियानातल्या गावच्या बचतगटांचा मिळून झालेला संघ. अकराही जणी कुठल्या ना कुठल्या गटात होत्याच, त्यामुळे इथे सातबारा कोणी विचारणार नव्हतं.

मालकीबद्दल अमळनेरच्या माणसाला फार समजवावं लागत नाही, हेही सांगितलं पाहिजे. विप्रोची सुरुवात १९४५ साली अमळनेरला तेलाच्या गिरणीने झाली, आणि त्या काळी शेअर घेऊन ते मोडले नाहीत अशी घरं तालुक्यात आहेत. ग्रामसभेत कोणीतरी ते काढणारच होतं, निघालंही. ‘आम्हनाबी शेअर राहतीन का बिबडास्ना?’ सभा हसली. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. गावाच्या मालकीत प्रत्येकाचा वाटा असतो आणि कोणाच्याच हातात कागद नसतो.

त्याच ग्रामसभेत आप्पा उठले.

आप्पांची चक्की गावात तीसेक वर्षांची. दहा अश्वशक्तीची मोटर, पत्र्याची शेड, भिंतीवर खडूने लिहिलेले दर. पंचायत ‘दळण केंद्र’ काढणार एवढंच त्यांच्या कानावर गेलं होतं. ते मोठ्याने बोलणारे नाहीत, त्यामुळे ते उभे राहिल्यावर सभा गप्प झाली. ‘मनीच घरपट्टी, अन् मनाच पोटवर पाय?’ एवढंच म्हणाले आणि बसले.

यावर काही मंडळींनी लगेच नेहमीचं सुरू केलं, की पंचायतीचं दळण स्वस्त पडेल, गरिबाचं भलं होईल, एकट्याचं बघायचं की गावाचं. मला त्या क्षणी कळलं की आम्ही अकरा छोट्या धंद्यांना आधार द्यायला निघालो होतो आणि बारावा छोटा धंदा आमच्या यादीतच नव्हता. तो चक्कीवाला होता. त्याचा धंदा बायांपेक्षा जुना, त्याला अनुदान नाही, गट नाही, आणि गावाच्या पैशाने चालणाऱ्या चक्कीशी त्याला दराची स्पर्धा करायची होती. पंचायतीला नफा नाही झाला तरी चालतं, आप्पांना चालत नाही. अशी स्पर्धा म्हणजे एका पैलवानाच्या पाठीशी अख्खं गाव उभं करून दुसऱ्याला एकट्याने आखाड्यात ढकलणं.

सरपंचबाईंनी ठराव त्या दिवशी घेतला नाही, आणि हे त्यांनी केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम असं मी म्हणेन. चार दिवसांनी आप्पांच्याच शेडमध्ये बसलो. चहा झाला. आप्पांना विचारलं, तुमचं दळण कशाचं किती? गहू, दादर, बाजरी, हरभऱ्याची डाळ, कळण्याचं पीठ. ओलं? ‘ते नकोच मले. दगड खराब होतो.’ मिरची कांडप? ‘ठसका लागतो, म्हातारीला दमा आहे.’ म्हणजे आप्पांना जे नको होतं तेच बायांना हवं होतं. भांडण ‘दळण’ या एका शब्दामुळे झालं होतं.

ठराव दुरुस्त झाला. केंद्रात फक्त ओलं दळण आणि मिरची-मसाल्याचं कांडप होईल, कोरडं धान्य घेतलं जाणार नाही. नावही ‘दळण केंद्र’ न ठेवता ‘बिबडे-मसाला सुविधा केंद्र’ ठेवलं. आप्पांनी वर एक अट घातली, ती मला फार आवडली. केंद्रात कोरडं दळण झालेलं दिसलं तर ग्रामसंघाने त्या दळणाचा त्यांच्या दराने होणारा पैसा त्यांना द्यायचा. पहिल्या मोसमात असं दोनदा झालं, दोन्ही वेळा पैसे दिले गेले, दोन्ही नोंदी वहीत आहेत. पुढे आप्पाच बायांकडून ज्वारी कांडायचं, म्हणजे साल काढायचं काम घेऊ लागले. त्यासाठी त्यांनी एक छोटं यंत्र बसवलं, स्वतःच्या पैशाने. त्यांचा धंदा वाढला की फक्त टिकला, ते त्यांनी मला सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही.

आता माझी चूक. केंद्राचं भाडं मी ठरवलं होतं, दिवसाला दोनशे रुपये. हिशेब सोपा, पावती एक, वही स्वच्छ. पहिल्या पंधरा दिवसांत पाळ्यांची वही उघडली तर सगळे दिवस तिघींच्या नावावर. झालं असं की पन्नास किलो ज्वारी आणणारीला दळण किलोला चार रुपयांनी पडत होतं आणि आठ किलो आणणारीला पंचवीस रुपयांनी. आठवाली कशाला येईल? ती पुन्हा रिक्षा करून तालुक्याला. एका मावशींनी मला हे गणित न करताच सांगितलं होतं, ‘भाऊ, तुमचं मशीन मोठ्या पातेल्यावाल्यांचं आहे.’ मी तेव्हा त्यांना नियम समजावून सांगत बसलो होतो. नंतर दर किलोवर आला, लहान असो की मोठी, सगळ्यांना एकच. सकाळची पाळी वीस किलोच्या आतल्यांची, दुपारनंतर मोठ्यांची. सकाळची लहानांना का, तर घाटा सकाळी शिजला तरच थापलेलं त्याच दिवशी निम्मं वाळतं. मोठीकडे हाताखाली माणसं असतात, ती रात्री दळून पहाटे शिजवू शकते. लहान बाई एकटी असते.

किलोवर दर म्हटला की वजनकाटा आला. वैधमापन खात्याकडून त्याची दरवर्षी पडताळणी आणि शिक्का लागतो. काटा बसवल्यावर एक गंमत झाली. भिजलेल्या ज्वारीचं वजन कोरडीपेक्षा बरंच जास्त भरतं, आणि कोण किती निथळवून आणते यावर ते बदलतं. दोन दिवस भांडणं झाली. शेवटी कोरडं वजन धरायचं ठरलं: ज्वारी भिजवायच्या आधी केंद्रावर आणून मोजायची, चिठ्ठी घ्यायची, चौथ्या दिवसाची पाळी त्याच चिठ्ठीवर लागते. त्यामुळे केंद्राला तीन दिवस आधी कळायला लागलं की चौथ्या दिवशी किती काम आहे. ही युक्ती बायांची, माझी नाही. अहवालात मात्र ‘नियोजन प्रणाली’ म्हणून ती माझ्या नावावर गेली आहे.

विजेचं थोडक्यात. पंचायतीच्या ज्या जुन्या गोदामात केंद्र बसवलं त्याला सिंगल फेज होतं, मोटरला थ्री फेज लागते. पीठगिरणीसारख्या कामाला औद्योगिक वर्गाचा दर लागतो, पण अर्ज पंचायतीच्या नावाने गेल्यामुळे जोडणी भलत्याच वर्गात पडली आणि तीन महिने बिल जास्त आलं. ते दुरुस्त करायला एक पत्र आणि नऊ चकरा लागल्या. डीपीवर पंपांचा भार असतो तेव्हा व्होल्टेज पडतं, मोटर गुरगुरते, म्हणून दुपारी दोन ते चार यंत्र बंद ठेवतात.

कांडपाची भिंत ही दुसरी शिकवणी. सुरुवातीला एकाच शेडमध्ये एका कोपऱ्यात मिरची कांडप, दुसऱ्या कोपऱ्यात ओलं दळण. पहिल्या आठवड्यात एकीचे बिबडे गुलाबी झाले आणि शेडमधला प्रत्येक माणूस डोळ्याला पदर लावून फिरत होता. मधे विटांची भिंत घातली, दार वेगळं केलं. भिंतीचा खर्च अंदाजपत्रकात नव्हता. यंत्राचं दरपत्रक तीन जणांकडून आणायचं हे सगळ्यांना पाठ होतं, मिरची उडते हे कोणी लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या मोसमात केंद्र जरा स्थिरावलं आणि मग सगळ्यांना पुढची कल्पना सुचली. मला ती धोक्याची वाटत होती, पण मीही तिला अडवलं नाही. केंद्रानेच सगळ्यांकडून बिबडे विकत घ्यायचे आणि गावाच्या नावाने एकच पाकीट काढायचं. जळगावच्या भरीत वांग्याला आणि केळीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, मग आपल्या गावाचं नाव का नको, असं बोलणं चाललं. छान पाकीट छापलं. सुरतेला माल गेला.

पंधरा दिवसांत फोन यायला लागले. एका पाकिटात बिबडे खारट, दुसऱ्यात जाड, तिसऱ्यात लसूण नाही. अकरा घरांचा माल एकत्र केला होता आणि प्रत्येक घराचा हात वेगळा. ज्या वहिनींचे बिबडे सुरतेत नावाने मागितले जायचे, त्यांचं गिऱ्हाईक त्यांच्याकडे फोन करून म्हणालं, ‘तुमनाच पायजे, गावना नको.’ त्या वहिनी केंद्राच्या अध्यक्षा. त्यांची अवघड जागा झाली: केंद्राला द्यावेत तर गिऱ्हाईक जातं, स्वतः विकावेत तर अध्यक्षाच केंद्राला टाळते असं होतं. आणि आणखी एक झालं, जे कमी दिसतं पण जास्त लागतं. केंद्र एकच भाव देत असल्यामुळे पातळ, पांढरा, हातभर बिबडा थापणारीने तसा थापणं सोडलं. जाड थापला की काम लवकर होतं आणि पैसा तेवढाच.

ते पाकीट एका मोसमात बंद केलं. छापलेली उरलेली पाकिटं अजून गोदामात आहेत, कोणाला हवी असतील तर सांगा. त्याऐवजी जे केलं ते दिसायला फार छोटं आहे. अन्नसुरक्षेची नोंदणी प्रत्येकीने आपापली काढली. वर्षाला शंभर रुपये फी, बारा लाखांच्या आतल्या उलाढालीला त्या वेळी तेवढी नोंदणी पुरत होती. अर्ज केंद्राच्या संगणकावर एका दुपारी भरले. पाकिटं साधी, पारदर्शक, सगळ्यांनी मिळून एकगठ्ठा घेतलेली, म्हणून स्वस्त. चिकटपट्टीचा नमुना एकच: चौदा आकडी नोंदणी क्रमांक, वजन, बनवल्याची तारीख, घटक, शाकाहारीची हिरवी खूण, आणि वर ठळक अक्षरात त्या बाईचं नाव. छपाईचं छोटं यंत्र केंद्राचं, नाव जिचं तिचं. खारट निघाला तर फोन जिचा तिला.

मला या प्रकरणातून काही ठामपणे म्हणायचं असेल तर ते एवढंच. गावाच्या उद्योगाने दळावं, मोजावं, पाकिटं एकगठ्ठा आणावीत, कागद भरून द्यावेत. बिबडा विकायला मात्र बसू नये. ज्या दिवशी तो विकायला बसला त्या दिवशी तो या अकरा जणींचा आधार राहिला नाही, बारावा दुकानदार झाला, आणि त्याच्या पाठीशी गावाची तिजोरी.

उधारीवरूनही हीच ओढाताण झाली. जळगावचा दुकानदार माल घेतो आणि पैसे दिवाळीपर्यंत लांबवतो. कायद्याने बघितलं तर सूक्ष्म उद्योगाचा पैसा ४५ दिवसांच्या आत द्यायला हवा, २००६ चा कायदाच आहे. पण त्याचा दाखला देण्यासाठी आधी उद्यम नोंदणी हवी, आणि नोंदणी असली तरी पुढच्या वर्षी त्याच दुकानात माल द्यायचा आहे हे बाई विसरू शकत नाही. मग सूचना आली की केंद्राने बायांना मधल्या काळात पैसे द्यावेत. इंडोनेशियातल्या कितीतरी गावसंस्थांनी बचत-कर्जाचा विभाग उघडला आणि परतफेड अडकल्यावर तोच त्यांना जड गेला, हे मी वाचलं होतं. ते सांगायची गरज पडली नाही. एक अक्काच म्हणाल्या, ‘गावचा पैसा परत कोण करतं?’ कर्ज गटातूनच घ्यायचं ठरलं, जिथे हमी देणारी शेजारीण समोर बसलेली असते. केंद्राने फक्त एक केलं: दळणाचे पैसे आखाजीनंतर महिनाभराने दिले तरी चालतील. एवढ्याने तीन-चार जणींची ज्वारीची खरेदी सुटली.

यंत्राला आता चौथा मोसम आहे. घसाऱ्यासाठी किलोमागे एक रुपया बाजूला काढायचा असं पहिल्याच वर्षी ठरलं होतं. दोन वर्षं काढला. तिसऱ्या वर्षी मोटर जळाली, वाइंडिंगचं बिल त्यातून गेलं, आणि तेव्हापासून त्या खात्यात जवळजवळ काही नाही. यंत्र पंचायतीचं, मग मोटर पंचायतीने भरायची की ग्रामसंघाने, यावर करारात एक ओळ आहे: ‘किरकोळ दुरुस्ती चालवणाऱ्याने करावी.’ जळालेली मोटर किरकोळ आहे का, हे ती ओळ सांगत नाही. ओळ मीच लिहिली होती.

आणि आता लेखापरीक्षणात आक्षेप निघाला आहे. पंचायतीची मिळकत जाहीर लिलाव न करता ग्रामसंघाला भाड्याने का दिली, आणि पंचायतीचं उत्पन्न बुडालं त्याची जबाबदारी कोणाची? आक्षेप कागदावर चूक नाही. पंचायतीच्या गाळ्यांचा लिलाव होतो, तसा या शेडचाही व्हावा असं म्हणता येतं. लिलाव झाला तर बोली कोण जिंकेल हेही सगळ्यांना माहीत आहे: तालुक्याचा मसालेवाला, ज्याला कांडप बारा महिने हवं आहे आणि ओलं दळण नको आहे. तीन वर्षांचा करार संपला आहे, त्याहून मोठ्या मुदतीला जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची मंजुरी लागते, आणि पंचायतीची मुदतही संपत आली आहे. पुढचं आरक्षण काय निघेल, सरपंच कोण होईल, त्याला बिबड्याचं काय वाटेल, कोणी सांगू शकत नाही.

विषय १ मेच्या ग्रामसभेत आहे. उत्तराचा मसुदा माझ्याकडे आहे. त्यात मला भाड्याचं बुडालेलं उत्पन्न एका बाजूला आणि अकरा जणींनी वाचवलेलं रिक्षाभाडं दुसऱ्या बाजूला मांडायचं होतं, पण रिक्षाच्या पावत्या कोणीच ठेवलेल्या नाहीत. म्हणून मी दळणाच्या चिठ्ठ्या जोडतो आहे, चार मोसमांच्या, सगळ्या. आप्पांच्या दोन नोंदी असलेलं पानही त्यात आहे. आप्पांना विचारलं, सभेला येणार का? म्हणाले, ‘येसू. पन बोलाले लावू नको.’